आखाजीला येणारं, पोळ्याला जाणारं शेवाळ: खाऱ्या पाण्याच्या टँकमधला दरवर्षीचा त्रास

जळगावात घरी माझा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. लांबी ३ फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट. हिशेबाने १९० लिटर होतात, पण दगड-वाळू वजा जाता खरं पाणी १६० लिटरच्या आसपास. दोन क्लाउनफिश, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल, एक लॉनमोअर ब्लेनी (शेवाळ चरणारा मासा) आणि चार-पाच हर्मिट खेकडे. कोरल ठेवलेले नाहीत. कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजेही बहुतेक वेळा कोरलचा सांगाडाच असतो. त्यामुळे माझे दगड बनवलेले आहेत आणि कोरडेच आणले होते. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रश्न तोच येतो.

टँक लावला तेव्हा आईने मिठाची गोणी बघून विचारलं होतं, “इतलं मीठ टाकीसन मासा जगतस का रे भाऊ?” मासे जगले. शेवाळाने मात्र तीन वर्षं पिच्छा सोडला नाही.

त्रास ठरलेला. मार्च संपता संपता मागच्या काचेवर हिरवी साय धरायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी येईपर्यंत दगडांना बोटभर लांब हिरवे केस आलेले असायचे. जूनमध्ये ते केस तुटून वेव्हमेकरच्या, म्हणजे पाणी हलवणाऱ्या पंपाच्या, जाळीत अडकायचे आणि पंप घरघरायला लागायचा. मग पाऊस पडायचा, आणि पोळ्यापर्यंत सगळं ओसरून जायचं. पहिल्या वर्षी मी दिव्याचे तास कमी केले होते, तर मला वाटलं त्यानेच गेलं. दुसऱ्या वर्षी फॉस्फेट शोषणारं मीडिया (फिल्टरमध्ये घालायचे दाणे) लावलं होतं, तर श्रेय त्याला. तिसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलेलं बाटलीतलं औषध ओतलं होतं. तिन्ही वेळा शेवाळ गेलं ते मुख्यतः पावसाळ्याने. हे कळायला मला तीन उन्हाळे लागले.

आधी ते काय आहे ते ओळखा

मी सांगतोय तो उपाय हिरव्या केसाळ शेवाळाचा आहे. तुमच्याकडे दुसरंच काही असेल तर तो उपाय उलटू शकतो, म्हणून हात घालण्यापूर्वी बोटाने ओढून बघा आणि रात्री दिवे गेल्यावर एकदा टॉर्च मारा.

टँक नवा असेल, पहिल्या महिना-दीड महिन्यात वाळूवर तपकिरी भुकटी बसली असेल आणि बोट फिरवताच उडत असेल, तर ते डायअॅटम. त्यांना सिलिकेट लागतं. आपल्याकडे बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, त्यात सिलिकेट असतंच. नव्या टँकमध्ये ते संपलं की भुकटीही जाते. काही करू नका.

लालसर, जांभळट, बुळबुळीत चादर असेल, कोपरा धरला की सायीसारखी अख्खी निघत असेल आणि तिच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले असतील, तर ते शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. जिथे पाणी हलत नाही आणि खालच्या वाळूत घाण साचते तिथे ते पसरतात. नळीने ओढून काढा, वेव्हमेकरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, तीन दिवस टँक पूर्ण अंधारात ठेवा. एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या गोळीने जातं, हे खरं आहे. पण आपल्या टँकचं अमोनिया पचवणारं सगळं काम जिवाणूच करतात, आणि गोळी चांगले-वाईट ओळखून मारत नाही.

सगळ्यात फसवं प्रकरण डायनोफ्लॅजेलेट. शेंबडासारखे तपकिरी दोरे, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक बुडबुडा. सकाळी दिवे लावता तेव्हा जवळपास दिसत नाहीत, संध्याकाळपर्यंत पुन्हा दाट. गोगलगाई काचेवरून सुटून खाली पडायला लागतात. शंका असेल तर घरच्या घरी करता येईल अशी परीक्षा सांगतो: थोडे दोरे टँकच्या पाण्यासकट छोट्या बरणीत घ्या, जोरात हलवा, जाड टिश्यू पेपरमधून गाळा. खाली आलेलं पाणी स्वच्छ दिसेल. ते दिव्याखाली तासभर ठेवा. त्या स्वच्छ पाण्यात पुन्हा दोरे जमले, तर डायनोच. डायनो असतील तर पुढचं सगळं वाचण्याआधी फॉस्फेट मीडियाबद्दल खाली लिहिलंय ते वाचा.

हिरवे मणी किंवा गोट्यांसारखे फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया. नखाने बुडापासून सोडवा, टँकमध्ये फोडू नका. आणि दगडावर जांभळा, गुलाबी, दगडाइतकाच कडक थर चढत असेल तर त्याला हात लावू नका. ते कोरलाइन शेवाळ, आणि ते आपल्याला हवंच असतं.

आता केसाळ शेवाळाकडे.

गुलाबी झालेली नळी

दर वेळी मी टँकच्या पाण्याची नायट्रेट टेस्ट करायचो आणि उत्तर यायचं २, फार तर ५ पीपीएम (म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम). शेवाळाचं जंगल आणि टेस्ट स्वच्छ! मग मी किटला शिव्या द्यायचो. किटचा दोष नव्हता. दगडावर मूठभर शेवाळ असेल तर पाण्यात आलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट ते तिथल्या तिथे खाऊन टाकतं. टेस्ट दाखवते ती ताटात उरलेली शितं, किती वाढलं होतं ते नाही.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात किट जुनं झालंय का बघायला मी दोन नळ्या शेजारी ठेवल्या. एकीत टँकचं पाणी. दुसरीत तुलनेसाठी ‘शुद्ध’ पाणी, म्हणजे रोज टँकमध्ये भर घालतो ते स्वयंपाकघरातल्या आरओचं. दोन्हीत पावडर टाकली, हलवल्या, तीन मिनिटं थांबलो. टँकची नळी जवळपास पांढरी. शुद्ध पाण्याची नळी गुलाबी. रंगपट्टीवर ती १० च्या घराशी जुळत होती. मी नळ्या उलट्या तर ठेवल्या नाहीत ना, म्हणून पुन्हा केलं. पुन्हा गुलाबी.

पुढचा हिशेब मग कागदावर मांडला. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी ठाक असते. टँक २७-२८ अंशांवर ठेवायला मी पाण्यावर दोन छोटे पंखे सोडतो. त्या कोरड्या हवेत ते फार छान काम करतात, मुंबईच्या दमट हवेत इतकं करणार नाहीत. पण ते गारवा देतात तो पाणी उडवूनच. माझ्याकडे मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत रोज सरासरी ४ लिटर पाणी उडतं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची हे सगळ्यांना माहीत असतं. पण नायट्रेटही उडत नाही! ९० दिवस, रोज ४ लिटर, म्हणजे ३६० लिटर. टँकमध्ये आहे त्याच्या दुपटीहून जास्त पाणी एका उन्हाळ्यात वरून ओतलं जातं. त्यातल्या प्रत्येक लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे ३६०० मिलिग्रॅम. १६० लिटरने भागा: २२ पीपीएमच्या वर. माशांच्या खाण्यातून येतं ते वेगळं. आठवड्याला १५ लिटर पाणी बदलून मी जे काढत होतो, ते सकाळच्या तांब्याने परत घालत होतो.

पावसाळा लागला, हवा दमट झाली की तेच उडणं रोजच्या लिटरभरावर यायचं. शेवाळाचा खुराक तुटायचा. पोळ्यापर्यंत का जायचं, ते एवढंच.

आरओच्या पाण्यात नायट्रेट आलं कुठून

आमच्या कॉलनीत नळ रोज येत नाही, त्यामुळे वरच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळलेलंच असतं. त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ९०० च्या आसपास. रावेर-यावलचा केळीपट्टा असो की इकडचा कापूस, खत जमिनीत जातं आणि त्यातलं नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्याला आपल्या मानकाप्रमाणे ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत नायट्रेट चालतं. म्हणजे माणसाला चालणारं पाणी टँकला अजिबात चालत नाही, हे आधी डोक्यात बसलं पाहिजे.

आरओची मेम्ब्रेन यातलं बरंचसं अडवते, पण सगळं नाही. आणि नायट्रेट तर ती इतर क्षारांच्या मानाने कमीच अडवते. पण माझ्याकडे खरी गोम वेगळीच होती. घरगुती प्युरिफायरचं झाकण उघडलं तर आत एक बारीक स्क्रू असलेली तोटी असते, टीडीएस अॅडजस्टर. मेम्ब्रेनमधून आलेल्या पाण्यात ती थोडं बिनमेम्ब्रेनचं पाणी परत मिसळते, पाण्याला चव राहावी म्हणून. सर्व्हिसला आलेल्या पोऱ्याने ती १२० वर लावून ठेवली होती. त्याचं चुकलं नाही, त्याला मासे कुठे माहीत? मी तोटी पूर्ण बंद केली तर टीडीएस ५५ वर आला आणि नळीचा गुलाबी रंग निम्म्यावर उतरला.

पण ५५ म्हणजे शून्य नव्हे. आता मी प्युरिफायरमधूनच टी-जोड लावून मेम्ब्रेननंतरचं पाणी वेगळं काढलंय आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची) एक कार्ट्रिज जोडलीय. तिच्यातून येणारं पाणी मीटरवर ० दाखवतं. घरच्यांना त्यांचं चवीचं पाणी मिळतं, टँकला त्याचं. प्युरिफायरला हात लावायची हिंमत नसेल तर मत्स्यालयवाल्यांसाठीचा वेगळा आरओ-डीआय संच घ्या. पाण्याच्या जारवाल्याचं पाणी मात्र तपासल्याशिवाय वापरू नका. मी दोन ठिकाणचे जार तपासले, दोन्ही वेगवेगळे निघाले.

डीआय रेझिनबद्दल दोन गोष्टी, कारण इथे बरेच जण फसतात. रेझिन संपत आलं की ते आधी सिलिकेट सोडतं, आणि सिलिकेट टीडीएस मीटरला नीट दिसत नाही. मीटर शून्यच दाखवत असेल आणि जुन्या, स्थिरावलेल्या टँकच्या काचेवर पुन्हा तपकिरी भुकटी यायला लागली, तर रेझिन बदला. दुसरं, पाणी पहाटे भरा. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही इतकं तापतं. गरम पाण्यात मेम्ब्रेन भराभर पाणी देते, आपण खूश होतो, पण क्षारही जास्त सोडते. मी एकदा मोजलं: रेझिनच्या आधी पहाटे ५ वाजता ४८, त्याच दिवशी दुपारी ३ ला ७१. तेव्हापासून पहाटे २० लिटरचे दोन कॅन भरून झाकून ठेवतो.

आता आहे ते शेवाळ काढायचं कसं

मूळ बंद केलं तरी दगडावरचं शेवाळ आपण होऊन लगेच मरत नाही, आणि मेलं तर पोटातलं सगळं पाण्यात सोडून मरतं. म्हणून ते हाताने बाहेर आलं पाहिजे. पाणी बदलायच्या दिवशी मी बारीक रबरी नळी जुन्या टूथब्रशला रबरबँडने बांधतो. नळीचं दुसरं टोक तोंडाने ओढून पाणी सुरू झालं की बादलीत सोडायचं आणि ब्रशने घासत जायचं. घासलेलं तिथल्या तिथे ओढलं जातं, टँकभर उडत नाही. बादलीच्या तोंडावर जुन्या साडीचा तुकडा बांधला तर किती निघालं तेही दिसतं. पहिल्या रविवारी माझ्याकडे दोन मुठी निघालं होतं, पिळून.

दगड बाहेर काढता येत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. औषधाच्या दुकानात बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, त्यात तेवढंच आरओचं पाणी घालून ३ टक्क्यांचं करा. दगड कोरड्या तसराळ्यात ठेवा, शेवाळावर ड्रॉपरने सोडा. फसफसतं. तीनेक मिनिटांनी टँकमधून काढलेल्या खाऱ्या पाण्यात खळखळून धुवा, मग परत ठेवा. शेवाळ लगेच जात नाही, दोन-चार दिवसांत पांढरं पडतं. दगडात लपलेला खेकडा किंवा कोळंबी आधी बघून घ्या. कोळंबीला पेरॉक्साइड सोसत नाही. अख्ख्या टँकमध्ये ओतायचा उद्योग मी करत नाही.

गोगलगाई, हर्मिट, ब्लेनी हे राखणीसाठी. ते लहान कोंब खातात, बोटभर केसांना तोंड लावत नाहीत. मला दुकानदाराने ‘वीस टर्बो गोगलगाई टाका, महिन्यात साफ’ असं सांगितलं होतं. त्यातल्या अर्ध्या उपासाने मेल्या आणि सडून त्यांचंच खत झालं. मोठ्या शंखांच्या काही जातीही कायद्याने संरक्षित आहेत, घेताना नक्की कोणती ते विचारा.

दिवा आणि खाणं याबद्दल सगळीकडे इतकं लिहिलंय की मी थोडक्यात आटपतो. माझा दिवा ७ तास. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन टँकवर येत होतं, तिथे जाड पडदा लावला. गोठवलेलं खाणं गाळणीत धुऊन घालतो, कारण त्या रसातच फॉस्फेट असतं. चिमूटभर कोरडं खाणं दिवसातून एकदा. घरी पाहुणे आले की प्रत्येकाला मासे खाताना बघायचे असतात. आखाजीला आमच्याकडे भाचरं असतात, त्या चार दिवसांत डबा मी कपाटात ठेवतो.

फॉस्फेट मीडियाचा माझा अनुभव

लोहाचं ते तपकिरी मीडिया काम करतं, फार चांगलं करतं, आणि तिथेच गडबड आहे. दुसऱ्या वर्षी मी पाकिटावर लिहिलेलं पूर्ण प्रमाण एकदम घातलं. आठ दिवसांत फॉस्फेट शून्य. शेवाळ पिवळं पडलं, मी मिठाई वाटायचाच बाकी होतो. जुलैत वाळूवर शेंबडाचे दोरे आले. डायनो. पाण्यात काहीच उरलं नाही की शेवाळ आणि चांगले जिवाणू मागे पडतात आणि मोकळ्या जागेत हे शिरतात. दोन महिने गेले त्यात. मीडिया काढलं, पाणी बदलणं थांबवलं, खाणं उलट वाढवलं, नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास येऊ दिलं, दर दोन दिवसांनी दोरे ओढले, मध्ये तीन दिवस अंधार केला. मग हळूहळू ओसरले.

तेव्हापासून मी आकडा शून्यावर नेत नाही. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० यात राहिलं की मी खूश. मीडिया लागलंच तर पाव प्रमाणापासून सुरुवात आणि दर तीन दिवसांनी टेस्ट. त्यापेक्षा संपमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत) चीटो ठेवणं मला जास्त पटतं. तेही शेवाळच, गुंता झालेल्या हिरव्या नायलॉनसारखं. त्याच्यावर रात्री दिवा लावायचा, महिन्याला मूठभर उपटून फेकायचं. नको तिथे वाढणारं शेवाळ हवं तिथे वाढवायचं, एवढाच त्याचा डाव.

एक शेवटचं कारण, जे टेस्टमध्ये दिसत नाही. मेमध्ये लाइट जाते. दोन-तीन तास पाणी हललं नाही आणि वर तापलं की दगडाच्या आतले बारीक जीव मरतात. त्या दिवशी काही दिसत नाही. साधारण पंधरा दिवसांनी शेवाळाचा नवा बहर येतो आणि आपण तेव्हाचं काहीतरी कारण शोधत बसतो. निदान वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, दिवा नाही घेतला तरी चालेल. आणि खोलीत कूलर लावत असाल तर ध्यानात ठेवा: खोली गार होते, पण हवा ओलसर होते आणि टँकवरचे पंखे तेवढं काम करत नाहीत. कूलर मी टँकपासून दूरच्या खिडकीत लावतो.

डीआयचं पाणी सुरू केल्याला आता दोन उन्हाळे झाले. यंदा आखाजीला मागच्या काचेवर हिरवट झाक होती, दगड स्वच्छ. इतके स्वच्छ की ब्लेनीला चरायला काही उरलं नाही आणि त्याचं पोट आत गेलं. म्हणून त्याच्यासाठी आता नोरीची, म्हणजे समुद्री शेवाळाचीच, वाळवलेली पानं मुंबईहून मागवतो आणि क्लिपने काचेला लावतो. आईने पाकिटावरची किंमत वाचली.

“आधी खरडी खरडी फेकस, आते इकत आनस!”